खेळ निवडण्याआधी कॅरेक्टर शीट वाचा: माझ्या आवडीचे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ आणि ते सुरू करण्याची रीत

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचा पहिला डाव मांडू पाहणाऱ्या माणसाच्या कानावर बहुतेक वेळा एकच नाव आलेले असते, ते म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो प्रसिद्ध केला आणि या छंदाचा पाया घातला, त्यामुळे हे साहजिकच आहे. परंतु त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या प्रकारचे इतके निरनिराळे खेळ निघाले आहेत की, आपल्या मंडळींना काय मानवेल हे न पाहता सर्वांत प्रसिद्ध खेळ उचलणे मला योग्य वाटत नाही. या लेखात मी माझ्या आवडीचे खेळ सांगणार आहे आणि त्यासोबत ते निवडण्याची माझी रीतही सांगणार आहे, कारण त्या रीतीने पाहिले तर वाचकाला माझ्याहून वेगळी निवडही विचारपूर्वक करता येईल.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन ते पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण गेम मास्टर होतो आणि गोष्टीतले जग सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे सांगतात. ज्या कृतीचा निकाल निश्चित नसतो आणि जिच्यात काही गमावण्यासारखे असते तिथे फासे टाकले जातात. पात्राची सर्व माहिती एका कागदावर असते, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात.

खेळ निवडताना मी आधी हा कागद वाचते, जाड नियमपुस्तक नंतर. त्या कागदावर पेन्सिलीने काय लिहायचे आहे आणि खेळताना त्यातले काय पुन्हा पुन्हा खोडावे लागणार आहे, एवढे दोनच प्रश्न विचारायचे. ज्या गोष्टीचा हिशेब नियम ठेवतात तिच्याकडेच खेळाडूंचे लक्ष जाते, आणि ज्या गोष्टीचा हिशेब कुठेच नाही ती मुखपृष्ठावर कितीही ठळकपणे रंगवलेली असली तरी टेबलावर मागे पडते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच दोन आवृत्त्या याचे उत्तम उदाहरण आहेत. १९८१ च्या बेसिक संचात ऑर्क नावाचा एक साधा राक्षस मारला की सगळ्या गटाला मिळून १० अनुभवगुण (ज्यांवर पात्र वाढते) मिळत, आणि तळघरातून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक गुण मिळे. साहजिकच शहाणे खेळाडू ऑर्कला चुकवून, फसवून किंवा लाच देऊन सोने घेऊन पसार होत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच ऑर्कला हरवण्याचे १०० गुण आहेत आणि सोन्याचे गुण नाहीत, त्यामुळे गेम मास्टरने गुण देण्याची दुसरी पद्धत ठरवली नसेल तर तेच तळघर हळूहळू लढायांची मालिका बनते. दोन्ही प्रकार चांगले आहेत. ज्यांना डावपेचांची लढाई, निरनिराळ्या शक्तींची जुळवाजुळव आणि महिनोन्‌महिने वाढत जाणारे पात्र हवे आहे त्यांनी पाचवी आवृत्ती अवश्य घ्यावी. मात्र अगदी नवख्या मंडळींना मी ती पहिल्यांदा सुचवत नाही, कारण पात्र तयार करण्यातच पहिली संध्याकाळ निघून जाते आणि खेळ नेमका कसा असतो हे कळण्याआधीच निम्म्या लोकांना तो अभ्यासासारखा वाटू लागतो.

सुरुवातीसाठी माझी पहिली पसंती ‘केर्न’ला आहे. योचाई गॅल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला हा छोटासा खेळ अधिकृतपणे मोफत उपलब्ध आहे. पात्राला तीनच गुणधर्म असतात: शक्ती, चपळाई आणि मनोबल. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज लिहायची, आणि हवी तर कोणत्याही दोन आकड्यांची अदलाबदल करायची. धोक्याच्या प्रसंगी वीस बाजूंचा फासा टाकून आपल्या गुणधर्माइतके किंवा त्याहून कमी दान पाडायचे. लढाईत वार लागला की नाही यासाठी फासा टाकावाच लागत नाही. वार लागतोच, फक्त इजा किती झाली ते पाहायचे आणि त्यातून चिलखताचा आकडा वजा करायचा. त्यामुळे लढाई दोन-तीन फेऱ्यांत संपते आणि तिच्यात उतरण्याआधी प्रत्येक जण विचार करतो.

पण ‘केर्न’चा खरा हिशेब सामानाच्या दहा खणांत आहे. पात्राजवळ दहाच वस्तू मावतात, अवजड वस्तू दोन खण घेते, आणि थकवासुद्धा एक खण अडवून बसतो. जादूचा मंत्र पोथीतून म्हणायचा, तर पोथीला एक खण लागतो आणि मंत्र म्हटल्याबरोबर थकव्याचा आणखी एक खण भरतो. दहाही खण भरले की पात्राचे संरक्षण (इजा टाळण्याचा, चिलखताहून वेगळा आकडा) शून्यावर येते. या एका नियमातून किती प्रसंग आपोआप उभे राहतात हे पाहण्यासारखे आहे: मूर्ती उचलायची तर दोरखंड टाकावा लागतो, दोरखंड टाकला तर विहिरीतून वर येण्याची सोय राहत नाही, आणि मशाल कोणी धरायची यावर पाच मिनिटे मनापासून चर्चा होते. गेम मास्टरला वेगळे नाट्य रचावे लागत नाही.

‘केर्न’चा पहिला डाव असा तयार करावा. एका कागदावर पाच-सहा खोल्यांची एक जागा काढा, उदाहरणार्थ बुजलेली पायविहीर किंवा ओस पडलेला वाडा. एका खोलीत हवीशी पण जड वस्तू ठेवा. दुसऱ्या खोलीत असा कोणी ठेवा की ज्याला लढण्यापेक्षा बोलण्यात रस आहे आणि ज्याला स्वतःचे काही हवे आहे. तिसरीत एक धोका ठेवा, पण तो लपवू नका. जमिनीवरचे ओरखडे, जळका वास, आधी येऊन गेलेल्याचे हाडूक अशा खुणा आधीच सांगा, म्हणजे पात्र मेले तरी खेळाडूला अन्याय झाल्यासारखे वाटणार नाही. बाकीच्या खोल्यांना जोडणाऱ्या किमान दोन वाटा ठेवा, कारण एकच वाट असली की खेळाडूंना ठरवण्यासारखे काही उरत नाही. पुढे काय घडेल हे मात्र लिहून ठेवू नये. परिस्थिती आपण मांडायची आणि तिच्यातून वाट काढणे खेळाडूंवर सोडायचे, हे एक पथ्य पाळले तर नवा गेम मास्टरही पहिल्याच संध्याकाळी उत्तम डाव चालवतो.

डाव सुरू झाल्यावर बोलण्याची एक साधी लय सांभाळावी. समोर काय दिसते ते तीन-चार वाक्यांत सांगा, “तुम्ही काय करता?” असे विचारा, उत्तर ऐका, आणि त्या कृतीचा परिणाम सांगा. फासे शक्यतो कमी टाका. कृती सरळ जमण्यासारखी असेल तर जमली म्हणून पुढे जा. नियमपुस्तके इंग्रजीत असली तरी टेबलावर खुशाल मराठीत बोलावे. पात्र आपल्या तोंडच्या भाषेत चिडते, घासाघीस करते, खोटे बोलते, तेव्हा लाजरा खेळाडूही मोकळा होतो असा माझा अनुभव आहे.

माझा सर्वांत आवडता खेळ मात्र ‘कॉल ऑफ क्थुलू’ आहे, आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. सँडी पीटरसन यांनी एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांवर आधारित हा खेळ रचला आणि केऑसियम या प्रकाशनाने तो १९८१ मध्ये आणला. पात्रे सामान्य माणसे असतात, म्हणजे ग्रंथपाल, वार्ताहर, डॉक्टर, प्राध्यापक. काळ बहुतेक वेळा १९२० च्या दशकातला असतो. प्रत्येक कौशल्य टक्क्यांत लिहिलेले असते. ग्रंथालयात शोध घेण्याचे कौशल्य ६० असेल तर शंभरापर्यंतचे दान टाकून ६० किंवा त्याखाली यावे लागते. काम अवघड असेल तर निम्म्याखाली, अत्यंत अवघड असेल तर एकपंचमांशाखाली. ज्याने आयुष्यात कधी असा खेळ खेळलेला नाही त्यालाही टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

या कागदावर सतत खोडला जाणारा आकडा आहे मनःस्वास्थ्याचा. भीषण काही पाहिले की तो उतरतो. सातव्या आवृत्तीत एकाच वेळी पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीची कसोटी घ्यावी लागते, आणि इथे नियम अपेक्षेच्या उलट चालतो: कसोटीत पात्र नापास झाले तर मन ती आठवण दडपून टाकते आणि पात्र सावरते, पास झाले तर आपण काय पाहिले याचा पूर्ण अर्थ त्याला उमगतो आणि ते तात्पुरते भ्रमिष्ट होते. तसेच लव्हक्राफ्ट यांच्या कथांतल्या प्राचीन शक्तींविषयीचे ज्ञान जितके वाढते तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते, कारण ती मर्यादा ९९ मधून ते ज्ञान वजा करून काढतात. ज्ञान मिळवल्याशिवाय रहस्य सुटत नाही आणि मिळवले की परतीची वाट अरुंद होते. कथेचा सगळा आशय असा एका वजाबाकीत बसवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

हा खेळ सुरू करण्यासाठी केऑसियमचे मोफत क्विक-स्टार्ट नियम पुरेसे आहेत. त्यात ‘द हॉन्टिंग’ हे साहस, म्हणजे खेळण्यासाठी तयार गोष्टही, दिलेले आहे. बॉस्टनमधील एका घराच्या मालकाला त्या घरात काय बिनसले आहे हे जाणून घ्यायचे असते, एवढेच खेळाडूंना सांगावे. हे साहस १९८१ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आले आहे आणि आजही नव्या गेम मास्टरने त्यानेच सुरुवात करावी असे मी म्हणेन, कारण त्यात घरात पाऊल टाकण्याआधी वर्तमानपत्राची कचेरी, ग्रंथालय आणि शेजारीपाजारी यांच्याकडे चौकशी करण्याची सवय लागते.

तपासाचे साहस चालवताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली अशी की, गोष्ट पुढे सरकण्यासाठी जो धागा आवश्यक आहे तो एकाच फाशावर अवलंबून ठेवू नये. या खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी सांगितलेला संकेत मी नेहमी वापरते: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा त्याच्यासाठी किमान तीन सुगावे पेरून ठेवावेत, कारण एक हुकतो, दुसऱ्याचा अर्थ चुकीचा लावला जातो आणि तिसरा कामी येतो. अयशस्वी दानाने धागा तुटण्यापेक्षा त्याची किंमत वाढावी. कागद सापडतो, पण तोपर्यंत रात्र झालेली असते.

दुसरी गोष्ट माणसांविषयी आहे. भयाच्या खेळात कोणाच्या मनातले दुखरे ठिकाण अचानक समोर येऊ शकते, म्हणून डावाआधी शांतपणे विचारून घ्यावे की कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते आडून सूचित केलेले चालतील. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी प्रचलित केलेले एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवावे. फुलीची खूण केलेले ते कार्ड कोणीही उचलले किंवा त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग तिथेच सोडायचा आणि कारण विचारायचे नाही. भ्रमिष्टपणाचा अभिनय करताना मनोरुग्णांची नक्कल होऊ देऊ नये. पात्राला कशाची भीती वाटू लागली आणि ते काय टाळू लागले एवढे दाखवले तरी परिणाम अधिक खोल होतो. लव्हक्राफ्ट यांच्या लेखनात वंशद्वेष उघडपणे आहे. त्यांची भीतीची कल्पना घ्यावी आणि तो द्वेष मागे सोडावा.

ज्यांच्याकडे कायमचा गट आहे आणि वर्ष-दोन वर्षे एकत्र बसण्याची तयारी आहे, त्यांना मी ‘पेंड्रॅगन’ सुचवते. ग्रेग स्टॅफर्ड यांचा हा खेळ १९८५ मध्ये आला. त्यात खेळाडू आर्थर राजाच्या काळातले सरदार होतात. इथल्या कागदावर स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन आकड्यांची बेरीज वीस असते. दया १३ असेल तर क्रौर्य ७. पात्राने शरण आलेल्याला सोडून दिले तर दया वाढू शकते आणि मग क्रौर्य तितकेच घटते. एखादा स्वभावगुण १६ किंवा त्याहून वर गेला की त्याची ख्याती पसरते आणि दरवर्षी कीर्ती मिळते. पण त्याच गुणाची परीक्षा पाहणारा प्रसंग आला की फासा टाकावाच लागतो, आणि दान दयेच्या बाजूने पडले तर खेळाडूच्या मनात दुसरे काही असले तरी आपला दयाळू सरदार शत्रूला मारू शकत नाही.

हे वाचताना पात्रावरचा ताबा गेल्यासारखे वाटते, आणि काही चांगल्या खेळाडूंना ते शेवटपर्यंत रुचत नाही. माझ्या मते मात्र हीच या खेळाची थोरवी आहे, कारण आपणच अनेक डावांत केलेल्या कृतींनी तो स्वभाव घडवलेला असतो. शिवाय इथे साधारणपणे एका साहसात एक वर्ष सरते. हिवाळ्याच्या टप्प्यात शेतीचे उत्पन्न, घोड्याचे जगणे-मरणे, लग्न, अपत्यजन्म यांची दाने पडतात. पस्तिशीनंतर वार्धक्याचीही पडू लागतात. सरदार मेला की त्याचा वारस पुढे येतो आणि बापाच्या कीर्तीचा दहावा भाग घेऊन सुरुवात करतो. स्टॅफर्ड यांनीच लिहिलेली मोठी मोहीम, म्हणजे अनेक डावांत चालणारी सलग गोष्ट, इसवी सन ४८५ ते ५६६ असा काळ व्यापते, म्हणजे एकाच घराण्याच्या तीन पिढ्या सहज खेळता येतात. सुरुवात करताना प्रत्येकाने आपल्या जहागिरीचे नाव, आईवडील आणि एक भावंड लिहून ठेवावे. पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत कंटाळा न करता सर्व दाने टाकावीत, कारण घोडा मेला, मुलगी झाली अशा बारीक नोंदींतूनच घराणे आपले वाटू लागते.

‘ब्लेड्स इन द डार्क’ हा जॉन हार्पर यांचा २०१७ चा खेळ अगदी वेगळ्या स्वभावाच्या लोकांसाठी आहे. भुताखेतांनी वेढलेल्या डॉस्कव्हॉल नावाच्या अंधाऱ्या शहरात खेळाडू चोरांची टोळी चालवतात. अनेक गट चोरीची योजना आखण्यात दोन तास घालवतात आणि मग पहिल्याच दारावर योजना कोसळते. हा खेळ योजना आखूच देत नाही. हल्ला, फसवणूक, लपूनछपून प्रवेश असा एक प्रकार निवडायचा, त्याचा एक तपशील सांगायचा आणि थेट मधल्या प्रसंगापासून सुरुवात करायची. पहारेकरी समोर आला की खेळाडू ताणाचे एक-दोन गुण खर्चून सांगू शकतो की त्याला मी कालच पैसे चारले होते. ताणाच्या नऊ चौकटी भरल्या की मनावर कायमची जखम राहते. फासे सहा बाजूंचेच लागतात. पहिल्यांदा चालवताना खेळाडूंना या मागे जाऊन सांगण्याच्या सोयीची दर थोड्या वेळाने आठवण करून द्यावी, कारण दुसऱ्या खेळांची सवय असलेले लोक ती वापरायचे विसरतात.

‘ट्रॅव्हलर’ मी अलीकडे फारसा खेळत नाही, तरी त्याचे पात्र तयार करण्याचे नियम मला अजून अद्वितीय वाटतात. मार्क मिलर यांच्या १९७७ च्या या अंतराळातील खेळात पात्राचे आयुष्य चार-चार वर्षांच्या नोकरीच्या टप्प्यांनी ठरते आणि मूळ नियमांत एखादे दान वाईट पडले तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरते. त्यातल्या जहाजाचे कर्ज ४८० मासिक हप्त्यांत फेडायचे असते. तो हप्ताच खेळाडूंना एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पळवतो, त्यामुळे गेम मास्टरला साहसाचे निमित्त शोधत बसावे लागत नाही.

गेम मास्टर व्हायला कोणीच तयार नसेल तर ‘द क्वायट इयर’ घ्यावा. एव्हरी ॲल्डर यांच्या २०१३ च्या या खेळाला पत्त्यांचा नेहमीचा कॅट, काही फासे, एक मोठा कागद आणि दोन ते चार माणसे लागतात. एका लहान वस्तीचे एक वर्ष सगळे मिळून नकाशावर रेखाटत जातात. प्रत्येक पत्ता म्हणजे एक आठवडा आणि प्रत्येक रंग म्हणजे एक ऋतू: बदाम वसंताचे, चौकट उन्हाळ्याची, किलवर शरदाचे, इस्पिक हिवाळ्याचे. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपतो, कामे अर्धवट राहिली असली तरी. आपल्याला न विचारता निर्णय झाला असे वाटले तर खेळाडू बोलत नाही, समोर नाराजीचे एक टोकन घेऊन ठेवतो. हा नियम सुरुवातीलाच नीट समजावून सांगावा आणि टोकनांसाठी कवड्या किंवा चिंचोके जवळ ठेवावेत.

साहित्याबाबत फार खर्च करण्याची गरज नाही. ‘ब्लेड्स’ आणि ‘ट्रॅव्हलर’ला सापशिडीतले फासे चालतात, ‘केर्न’ आणि ‘क्थुलू’साठी सात फाशांचा एक संच सगळ्यांत मिळून पुरतो. माणसे जमवताना गेम मास्टर धरून चार-पाचच असावीत, दिवस आणि वेळ आधी ठरवावी, आणि एक जण आला नाही तरी डाव रद्द करू नये. पहिला डाव तीन तासांत संपेल असाच घ्यावा. लांबलचक मोहिमेचे वचन पहिल्याच दिवशी कोणाकडून घेऊ नये. दोन-तीन सुटे डाव खेळून झाल्यावर कोणाला पुन्हा यावेसे वाटते हे विचारावे आणि मग ‘पेंड्रॅगन’सारख्या खेळाचा विषय काढावा.

ज्यांना मंडळीच मिळत नाहीत त्यांच्यासाठी शॉन टॉमकिन यांचा ‘आयर्नस्वॉर्न’ आहे. २०१८ चा हा खेळ एकट्याने खेळता येतो आणि त्याचे मूळ नियमपुस्तक मोफत मिळते. कागदावर इथे आपण घेतलेल्या शपथा लिहायच्या असतात, आणि प्रत्येक शपथेची प्रगती चौकटींत भरत जायची असते. सहा बाजूंच्या फाशात आपला गुण मिळवायचा आणि ती बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडून पाहायची: दोन्हींपेक्षा जास्त आली तर काम फत्ते, एकापेक्षाच जास्त आली तर काम होते पण काही द्यावे लागते, आणि कोणत्याच फाशापेक्षा जास्त आली नाही तर संकट येते. पुढे काय होते हे सुचले नाही तर पुस्तकातल्या तक्त्यांवर दान टाकून उत्तर काढायचे. एक वही घेऊन प्रत्येक प्रसंग दोन-तीन ओळींत लिहीत गेलात, तर एका बैठकीत एक छोटी शपथ सहज पुरी होते.